साहेब, हा मुलगा शिकणार तरी किती वर्षं?

प्रति,
मनुष्यबळ विभागप्रमुख,
चाकण, रांजणगाव, वाळूज, अंबड, बुटीबोरी, आणि जिथे जिथे तुमच्या खुर्चीवर तुमच्यासारखाच कुणी बसला आहे तिथे.



पत्र उघडं लिहितोय, कारण पाकिटातून पाठवलेल्या पत्रांना तुमच्याकडून उत्तर येत नाही. फोन मात्र येतो. उन्हाळी परीक्षेचं वेळापत्रक लागलं की तुमच्या विभागातून कुणीतरी विचारतो, ‘सर, यंदा पन्नास-साठ पोरं लागतील. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, ऑटोमोबाइल, काहीही चालेल. फक्त बाहेरगावची द्या, आणि शिफ्टला कुरकुर न करणारी.’ बाहेरगावची का, ते पॉलिटेक्निकात शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला न सांगता कळतं. कॉट बेसिसचं भाडं, मेसचे पैसे आणि घरी पाठवायची रक्कम डोक्यावर असलेला मुलगा सलग दुसऱ्या शिफ्टला थांब म्हटलं तर थांबतो. त्याच्यासाठी तुमच्या गेटवर येऊन बोलेल असं त्या तालुक्यात त्याचं कुणी नसतं.

या पत्रात मी तुम्हाला आरोपी म्हणून उभं करतोय, पण कायदा मोडल्याचा आरोप मी करणार नाही. कायदा तुम्ही मोडत नाही, सोयीनं वाचता. तुमच्याइतका कायदा बारकाईनं वाचणारा माणूस माझ्या पाहण्यात नाही. शिकाऊ उमेदवार अधिनियम 1961 चा. तो आधी फक्त ट्रेडच्या शिकाऊंसाठी होता, 1973 च्या दुरुस्तीनं पदवी आणि पदविकावाले अभियंतेही त्याखाली आले. हेतू सरळ होता. कॉलेजात यंत्र पाहिलेला मुलगा कारखान्यात एक वर्ष राहील, उस्तादाच्या हाताखाली काम शिकेल आणि तयार होऊन बाहेर पडेल. शिकणाऱ्याला कामगारासारखं राबवू नये म्हणून कलम 15 मध्ये लिहिलं आहे की शिकाऊ उमेदवार सल्लागाराच्या परवानगीशिवाय त्याला जादा वेळ थांबवता येणार नाही. आणि तो शिकायला आलाय म्हणून कलम 18 मध्ये लिहिलं आहे की तो प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही, त्याला कामगार कायदे लागू होणार नाहीत.

तुम्ही कलम 18 पाठ केलंत आणि कलम 15 विसरलात.

एका वर्षाचं शिकणं म्हणजे तुमच्या कारखान्यात काय असतं, ते मुलं मला सुट्टीत येऊन सांगतात. पहिले दोन-चार दिवस सेफ्टीचं भाषण, हेल्मेट, बूट, गेट पास. मग थेट लाइनवर. एका स्टेशनवर उभं राहायचं, टॉर्क रेंच हातात घ्यायचा आणि ठरलेल्या सेकंदांत ठरलेले बोल्ट आवळायचे. पाच-सहा महिने तेच स्टेशन, तेच बोल्ट. यात तीन वर्षांच्या पदविकेचा काय उपयोग झाला आणि त्याला नवं काय शिकवलं, हे तुम्ही मला एका ओळीत लिहून कळवा. जो मुलगा मशीन ड्रॉइंग वाचतो, लिमिट्स-फिट्स-टॉलरन्स जाणतो, हायड्रॉलिक सर्किट कागदावर काढून दाखवतो, त्याच्याकडून तुम्ही असं काम घेता जे दहावी पास माणसाला एका शिफ्टमध्ये शिकवता येतं.

ज्यांची लाइनवरून सुटका होते त्यांची गोष्ट वेगळी आहे, आणि मला ती जास्त लागते. माझा एक विद्यार्थी तुमच्यासारख्याच एका मोठ्या कारखान्यात मेंटेनन्सला होता. रात्रपाळीत हायड्रॉलिक प्रेस अर्ध्या स्ट्रोकवर अडकायची. दाब पुरेसा, पंप ठीक, सील नवे. बाहेरचा सर्व्हिसवाला आला की प्रेस सुरळीत चालायची, तो गेला की दोन दिवसांनी पुन्हा अडकायची. या मुलानं ब्रेकडाउनच्या नोंदी तारखेनं आणि वेळेनं मांडल्या. प्रत्येक वेळी तेलाचं तापमान चढलेलं असताना बिघाड होतोय हे त्याच्या ध्यानात आलं. दिशा बदलणाऱ्या व्हॉल्व्हचा स्पूल तेलातल्या घाणीनं गरम असताना चिकटत होता. टाकी रिकामी करून धुतली, फिल्टर बदलला, कूलर साफ केला. प्रेस चालू लागली. हे इंजिनीअरचं काम आहे. निरीक्षण, नोंद, तर्क, उपाय. नोंदवहीत त्या कामाखाली सही शिफ्ट इनचार्जची पडली, कारण शिकाऊ उमेदवाराला सहीचा अधिकार नाही. पुढे त्याच कामाची ‘काइझेन’, म्हणजे सुधारणा, म्हणून नोंद झाली आणि बक्षीस घेताना फोटोत तीन ग्रॅज्युएट ट्रेनी उभे होते.

त्याच विभागात मेंटेनन्स इंजिनीअरची जागा निघाली तेव्हा त्यानं तुमच्या पोर्टलवर अर्ज भरायला घेतला. शैक्षणिक पात्रतेच्या यादीत दोनच पर्याय होते, बी.ई. आणि बी.टेक. तिसरा पर्यायच नव्हता, त्यामुळे त्याचा अर्ज नाकारलाही गेला नाही. ज्या व्हॉल्व्हपाशी तो रात्र-रात्र बसला, त्याबद्दल त्याला एक प्रश्न विचारायची वेळ तुमच्यावर येऊ नये, एवढी व्यवस्था तुमच्या संगणकानं केली होती. त्या यादीत कुठले शब्द घालायचे हे संगणकानं ठरवलेलं नाही, साहेब. ते तुमच्या सहीनं ठरलं.

पैशांचंही बोलून घेतो. 2019 च्या नियमांनी पदवीधर शिकाऊला महिन्याला किमान 9000 आणि पदविकावाल्याला किमान 8000 रुपये विद्यावेतन ठरवलं. राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजनेखाली त्यातला निम्मा भाग केंद्र सरकार उचलत आलं. म्हणजे महिनाभर तिन्ही पाळ्यांत फिरणारा प्रशिक्षित तंत्रज्ञ तुम्हाला खिशातून 4000 रुपयांत पडू शकत होता. तुमच्यातले बरेच जण किमान रकमेपेक्षा जास्त देतात, हे मी मान्य करतो. पण जास्त का देतात? तेवढ्यात चाकणला राहून जेवताच येत नाही, म्हणून. ती वाढ कौशल्याची किंमत म्हणून मिळालेली नाही, मुलगा पळून जाऊ नये म्हणून मिळालेली आहे.

वर्ष संपतं. मुंबईच्या शिकाऊ प्रशिक्षण मंडळाचं प्रमाणपत्र मिळतं. 2014 च्या दुरुस्तीनं असं म्हटलं की शिकाऊ म्हणून घेतलेल्या मुलांना नोकरीत घेण्याचं धोरण प्रत्येक मालकानं स्वतः ठरवावं. तुम्ही ठरवलंत. ते धोरण असं की नावाची पाटी बदलायची आणि माणूस तोच ठेवायचा. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनं 2013 मध्ये नीम नावाची योजना आणली, तेव्हा तुम्हाला मोठी सोय झाली. तीन वर्षांपर्यंत ‘प्रशिक्षणार्थी’, तोही कारखान्याचा नाही, मधल्या एजंटाचा. परिषदेनं ती योजना पुढे बंद केली तरी तुमची सवय बंद झाली नाही. आता कुठे तो कंत्राटदाराच्या रोलवर असतो, कुठे ठराविक मुदतीच्या पत्रावर, कुठे नुसताच ‘ट्रेनी’. चाकणचं संपलं की रांजणगाव, रांजणगावचं संपलं की तळेगाव, मध्ये दोन-चार महिन्यांचा ब्रेक आणि गावाकडची एक चक्कर. पंचविशी गाठेपर्यंत त्याच्या बायोडेटावर चार कंपन्या झालेल्या असतात. मग मुलाखतीत तुम्ही कपाळाला आठ्या घालून विचारता, ‘इतक्या वेळा नोकरी का बदललीस?’ त्यानं एकदाही बदललेली नसते. प्रत्येक वेळी ती तुम्ही बदललेली असते.

‘मग पुढे शिकायचं होतं,’ हे तुमचं ठरलेलं उत्तर. या उत्तराचा हिशेब मला तुमच्यासोबत नीट मांडायचा आहे.

नोकरी सांभाळून पदवीला पोचायची एक जुनी, अवघड आणि प्रामाणिक वाट होती. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सची एएमआयई ही परीक्षा. सेक्शन ए, सेक्शन बी, शिकवायला कुणी नाही, पेपर कठीण. शॉप फ्लोअरवरून खोलीवर येऊन रात्री पुस्तकं घेऊन बसणाऱ्या माणसांनी ती परीक्षा दिली आणि त्यातून मोठ्या हुद्द्यांपर्यंत गेलेली माणसं आजही उद्योगात सापडतील. 31 मे 2013 नंतर नाव नोंदवणाऱ्यांसाठी ती पदवीच्या बरोबरीची धरणं केंद्रानं थांबवलं. काहींनी दूरशिक्षणातून पदवी घेतली होती. ‘कुठूनही कर, पण डिग्रीचा कागद आण’ असं त्यांना सांगणारे तुमच्याच विभागातले लोक होते. 3 नोव्हेंबर 2017 ला सर्वोच्च न्यायालयानं चार अभिमत विद्यापीठांच्या तशा अभियांत्रिकी पदव्यांवर निकाल दिला आणि अनेकांच्या हातातले कागद रद्द झाले. निकाल योग्य होता. परवानगीशिवाय प्रयोगशाळेविना इंजिनीअर घडवणं चूकच. पण कागद आणायला सांगणाऱ्याचं काय झालं? त्याची बढती शाबूत राहिली.

2023-24 पासून परिषदेनं नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेतली बी.टेक. सुरू करायला परवानगी दिली. मला खरोखर बरं वाटलं. पण प्रवेशाला नियमित नोकरीचा किमान एक वर्षाचा अनुभव लागतो, आणि त्याचा दाखला मालकानं द्यायचा असतो. आता तुमच्या गेटच्या आतल्या मुलाकडे बघा. तो नियमित नाही, तो ट्रेनी आहे. कंत्राटदार त्याला दाखला देत नाही, तुम्ही म्हणता तो आमचा नाही. ज्याला दाखला मिळाला त्याची पाळी दर आठवड्याला बदलते. पहिली पाळी असेल त्या आठवड्यात तो संध्याकाळच्या तासाला बसेल, दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात त्याचा तास चालू असताना तो लाइनवर असेल. चार दिवसांची पाळी बदलून द्या अशी विनंती घेऊन तो सुपरवायझरकडे जातो, सुपरवायझर तुमच्याकडे पाठवतो, आणि तुम्ही सांगता की एकाला दिली तर सगळे मागतील. मागू द्या ना! सगळ्यांनी शिकायला मागावं यात तुमचं काय बुडतं?

पदवी आणि पदविका सारख्याच आहेत, असं मी म्हणणार नाही. पदवीच्या गणितात खोली आहे, स्ट्रेस अ‍ॅनालिसिस आणि डिझाइन यांचा पाया तिथे पक्का होतो, तो आमच्या तीन वर्षांत तेवढा होत नाही. जिथे ते लागतं तिथे पदवीच मागा. आमच्या बाजूचं दुखणंही लपवत नाही. काही पॉलिटेक्निकांत लेथवर धूळ आहे, सबमिशन म्हणजे जर्नल उतरवून काढणं झालंय, आणि अशा ठिकाणाहून आलेल्या मुलाला मायक्रोमीटर धरता येत नाही म्हणून तुम्ही चिडत असाल तर ते रास्त आहे. मीही चिडतो. पण मग परीक्षा घ्या. मुलाला ड्रॉइंग द्या, बिघडलेली मोटर द्या, पीएलसीचा छोटा प्रोग्रॅम लिहायला सांगा. ज्याला येत नाही त्याला परत पाठवा, मी तक्रार करणार नाही. तुम्ही परीक्षा घेत नाही. प्रमाणपत्राचा मथळा वाचता आणि माणूस पारखल्याचं समाधान घेता.

ही सवय तुमच्याआधीची आहे. पुण्यात 1854 मध्ये इंजिनीअरिंगचा वर्ग निघाला तो सार्वजनिक बांधकामासाठी दुय्यम दर्जाचे कर्मचारी तयार करायला. हुकूम देणारा साहेब वेगळा, साइटवर उभा राहणारा ओव्हरसियर वेगळा, आणि ओव्हरसियरनं कितीही पूल बांधले तरी त्यानं ओव्हरसियरच राहायचं. साहेब गेले. तुमच्या ऑर्गनायझेशन चार्टमध्ये ती रेघ अजून आहे. या राज्याला तरी ती रेघ शोभत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांकडे इंजिनीअरिंगची पदवी नव्हती. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेला हा माणूस मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये यांत्रिक रेखाटन शिकवायचा. हक्काची बढती डावलून ती अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. पुढे लोखंडी नांगर आला आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. तुमच्या पोर्टलवर लक्ष्मणरावांचा अर्ज भरला गेला नसता.

सरकारी बाजूला तुमचे भाऊबंद आहेत, त्यांची वेगळी कथा आहे. जम्मू-काश्मीरच्या वीज विभागात तंत्रज्ञ-3 च्या जागांना दहावी आणि आयटीआय ही पात्रता होती. पदविकाधारकांनी अर्ज केले. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की वरची पात्रता आहे म्हणून खालची आपोआप धरता येत नाही. ठीक. हिमाचलच्या वीज मंडळात कनिष्ठ अभियंत्याच्या पदाला पदविका ही पात्रता होती, तिथे पदवीधरांनी अर्ज केले. 2021 मध्ये त्याच न्यायालयानं तिथल्या सेवा नियमांचा अर्थ लावून त्यांना पात्र ठरवलं. दोन्ही निकाल आपापल्या नियमांवर उभे आहेत, न्यायाधीशांना दोष देण्याचं कारण नाही. नियम लिहिणाऱ्यांनी मात्र सांगावं, पदविकावाल्यानं उभं कुठे राहायचं? खालच्या जागेला तो जास्त शिकलेला, आणि त्याच्यासाठी असलेल्या जागेवर त्याच्याहून जास्त शिकलेला आधीच रांगेत.

या सगळ्याचा परिणाम मला वर्गात दिसतो. माझ्या हुशार मुलांना आता नोकरीत रस नाही. शेवटच्या वर्षाला आल्या आल्या ती थेट द्वितीय वर्ष पदवीच्या प्रवेशाचे गुण मोजायला लागतात. ज्याला मनापासून पुढे शिकायचं आहे त्यानं जावंच. पण निम्म्याहून जास्त मुलं शिकायच्या ओढीनं जात नाहीत, तुमच्या पात्रतेच्या यादीच्या भीतीनं जातात. वडिलांनी दहावीनंतर पॉलिटेक्निकला घातलेलं असतं ते अठरा-एकोणिसाव्या वर्षी मुलगा कमावता होईल म्हणून. त्याऐवजी घर आणखी तीन वर्षांची फी भरतं, कर्ज काढतं, आणि शेवटी तो मुलगा तुमच्याकडे ग्रॅज्युएट ट्रेनी म्हणून येतो तेव्हा त्याला तेच काम मिळतं जे तो तीन वर्षांपूर्वी करू शकत होता. हात चालणारा तंत्रज्ञ ही महाराष्ट्राच्या उद्योगाची ताकद होती, ती अशी वर्गातच आटत चालली आहे. आणि वर्षातून एकदा उद्योजकांच्या परिषदेत व्यासपीठावरून तुम्ही सांगता की कुशल मनुष्यबळ मिळत नाही. तुम्हाला मिळालं होतं. तुम्ही त्याला बोल्ट आवळायला उभं केलंत.

आता मागणी. सहानुभूती नको, ‘आम्ही डिप्लोमाच्या मुलांची कदर करतो’ असं वार्षिक अहवालातलं वाक्य नको. मला आकडे हवेत. गेल्या पाच वर्षांत आमच्या आणि इतर पॉलिटेक्निकांतून तुम्ही किती मुलं शिकाऊ किंवा ट्रेनी म्हणून घेतली, त्यांतली किती आज तुमच्या स्वतःच्या रोलवर कायम आहेत, आणि कायम असलेल्यांतली किती पदविकेवर असिस्टंट मॅनेजरच्या वर गेली. हे आकडे तुमच्या संगणकात आहेत. पगार काढणाऱ्या माणसाला सांगितलंत तर अर्ध्या तासात छापून मिळतील. मुलांच्या पालकांना ते कॅम्पस मुलाखतीच्या आधी कळले पाहिजेत, कारण पोरगं कुठे पाठवायचं हे ठरवायचा हक्क त्यांचा आहे. ज्या मुलाला कामावर ठेवता त्याला कामाच्या नोंदीखाली सही करू द्या. पात्रतेच्या यादीत ‘पदविका आणि अनुभव’ हा पर्याय घाला आणि त्या अर्जांची परीक्षा घ्या. संध्याकाळच्या बी.टेक.ला जाणाऱ्याची पाळी सत्र संपेपर्यंत बदलू नका.

आमच्या विभागप्रमुखांशी आणि प्राचार्यांशी बोलून आम्ही एक ठरवलंय. यंदाच्या कॅम्पसला येणाऱ्या प्रत्येक कंपनीकडून वरचे तीन आकडे लेखी घ्यायचे, आणि ते नोटीस बोर्डवर ऑफर लेटरच्या रकमेशेजारी लावायचे. जी कंपनी देणार नाही तिच्या नावापुढे ‘माहिती दिली नाही’ एवढंच लिहिलं जाईल. मुलाखती जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आहेत. त्याआधी पाठवलेत तर टंकलेखनाला वेळ मिळेल.

आपला,
पॉलिटेक्निकच्या यंत्र विभागातला एक अधिव्याख्याता